कुत्रा चावल्यावरचा लसीचा कोर्स, दिवस ० ते दिवस २८

४ जुलैला रेबीजच्या लसीचा शेवटचा डोस झाला. कुत्रा चावला होता ६ जूनला, उजव्या पोटरीला, दोन दात आत शिरलेले. मधल्या चार आठवड्यांत कोणत्या तारखेला का बोलावतात, त्या त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं, काम कुठे अडतं आणि कुठे उगाच घाबरायला होतं, हे क्रमाने लिहून ठेवलं आहे. ज्यांचा पहिला डोस आज-उद्या आहे त्यांच्यासाठी मुख्यतः.

कुत्रा चावला म्हटलं की पहिल्या तासाभरात जो तो सल्ला देतो, आणि त्यातले निम्मे सल्ले 'पोटात चौदा इंजेक्शनं'च्या जमान्यातले असतात. ती इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी ती हिमाचलमधल्या कसौलीला विकसित केली आणि भारतात तिचं उत्पादन २००४ पर्यंत चालू होतं. तिच्यात मेंदूच्या ऊतीचे अंश असल्यामुळे क्वचित लसीनेच मज्जासंस्थेला इजा व्हायची, म्हणून लोक तिला घाबरायचे ते अगदीच खोटं नव्हतं. आजची लस पेशींच्या कल्चरवर वाढवतात, विषाणू रसायनाने पूर्ण निकामी करतात आणि ती दंडात देतात. पोटाचा काही संबंध उरलेला नाही.

६ जून, गुरुवार: दिवस ०

पहिलं काम दवाखाना नाही, नळ. वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. अंदाजाने धुतलं तर बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत थांबतात. दाताचं छिद्र अरुंद आणि खोल असतं, त्यामुळे वरवर फेस फिरवून भागत नाही. कडा हलकेच फाकवून पाण्याची धार आत जाऊ द्यायची, पुन्हा साबण, पुन्हा धार. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि साबण नेमकं तेच फोडतो. आवरण फुटलं की विषाणू निकामी. लस, सुई, डॉक्टर यांपैकी काहीही हाताशी नसताना करता येण्यासारखी ही एकच गोष्ट आहे आणि ती अतिशय परिणामकारक आहे. मग पोव्हिडोन आयोडिन, म्हणजे जखमेवर लावायचं जंतुनाशक. तिखट, चुना, तेल, हळद, कशाचाही लेप नको: त्याने जखम चिडते, आणि दवाखान्यात ते सगळं पुन्हा धुवून काढावं लागतं. घट्ट पट्टीही नको.

टाके शक्यतो घालत नाहीत. सुईच्या प्रत्येक टोच्याने विषाणू आणखी आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकतो. जखम फाटलेली असेल आणि टाक्यांवाचून इलाजच नसेल, तर आधी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला अडवणारी तयार प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, असलेलं औषध) भरायचं, त्याला पसरायला वेळ द्यायचा आणि मग सैलसर, कमीत कमी टाके. चेहऱ्याच्या जखमेत घाईघाईने सुबक टाके घातले जातात तेव्हा हे विचारायला कुणी संकोच करू नये.

दवाखान्यात केसपेपर काढताना जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं तयार ठेवावीत: कोणता प्राणी, पाळीव की भटका, किती वाजता चावला, कुठे, रक्त आलं का, जखम धुतली का, पूर्वी कधी रेबीजची लस घेतली आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी, वजन किती, सध्या कोणती औषधं चालू आहेत. 'तुम्ही डिवचलंत का' हाही प्रश्न येतो, पण त्या उत्तराने उपचार बदलत नाहीत. कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावरही पहिला डोस थांबवत नाहीत.

या उत्तरांवरून जखमेची श्रेणी ठरते आणि पुढचं सगळं त्या श्रेणीवर अवलंबून असतं. प्राण्याला हात लावला, खाऊ घातलं, अखंड त्वचेवर त्याने चाटलं: पहिली श्रेणी, लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा, किंवा उघड्या त्वचेला नुसतं कुरतडलं: दुसरी श्रेणी, लस लागते. दात किंवा नखं त्वचेच्या आरपार गेली, फाटलेल्या त्वचेवर किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या अस्तरावर लाळ लागली, किंवा वटवाघळाशी संपर्क आला: तिसरी श्रेणी, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. तिसऱ्या श्रेणीसाठी खोल घाव लागत नाही. दाताचं टाचणीएवढं छिद्र पडून रक्ताचा एक ठिपका आला तरी ती तिसरीच. इथे जखम 'किरकोळ' म्हणून दुसऱ्या श्रेणीत लिहिली जाण्याची शक्यता असते, म्हणून रक्त आलं होतं हे स्पष्ट सांगावं.

आता इम्युनोग्लोब्युलिन कशाला, हा प्रश्न. लस तर देतातच. ते समजायला विषाणू काय करतो ते पाहावं लागतं. लाळेतून तो स्नायूत उतरतो आणि काही काळ तिथेच असतो, तिथल्या पेशींत थोडा वाढतो. मग स्नायूला येऊन मिळणाऱ्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या आतून मज्जारज्जूकडे, तिथून मेंदूकडे सरकतो. एकदा तो तंतूत शिरला की रक्तातल्या अँटिबॉडींच्या हाती फारसा लागत नाही. त्याला गाठायचं तर बाहेर असतानाच. लक्षणं दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्षभर. चेहरा, मान, बोटं अशा मज्जातंतूंनी भरलेल्या जागी किंवा मेंदूच्या जवळ चावा असेल तर मुदत कमी. लक्षणं दिसल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य.

लस दिल्यावर शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवतं खरं, पण त्या रक्तात दिसायलाच सात ते दहा दिवस जातात. या उघड्या आठवड्यात जखमेत बसलेल्या विषाणूला कोण अडवणार? तर तयार अँटिबॉडी, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर दर किलो वजनाला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासून असेल तर ४० युनिट. ६० किलोच्या माणसाला अनुक्रमे १२०० आणि २४०० युनिट. ही कमाल मात्रा. 'आणखी थोडं दिलं तर बरं' हा विचार इथे उलटा पडतो, कारण तयार अँटिबॉडी जास्त झाल्या की त्या लसीलाच झाकून टाकतात आणि शरीराचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीही आता काही ठिकाणी मिळतात. त्यांची मात्रा वेगळी असते आणि ती बाटलीवरच्या माहितीप्रमाणे ठरते.

कोर्समधला सगळ्यात दुखणारा भाग हाच, आणि तो आधी माहीत असलेला बरा. औषध दंडात किंवा कमरेत नाही, जखमेतच टोचतात. बारीक सुई छिद्राच्या कडेने तिरकी आत, थोडं औषध, सुई जराशी मागे, दिशा बदलून पुन्हा आत, असं जखमेच्या चहूबाजूंनी आणि तळाशी. पोटरीसारखी मांसल जागा असेल तर काही मिली सहज मावतं. त्वचा फुगून पांढुरकी पडते, एका दाताच्या छिद्रात टोचलेलं औषध शेजारच्या छिद्रातून पाझरताना दिसतं. ते पाझरणं वाईट नाही. औषध दोन्ही छिद्रांच्या मधल्या भागात पोहोचल्याचं ते लक्षण आहे. बोटाच्या टोकाला किंवा नाकाच्या शेंड्याला मात्र जागाच नसते. तिथे दाबून भरलं तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो, म्हणून बसेल तेवढंच भरतात. उलट जखमा खूप आणि औषध कमी पडत असेल, लहान मुलांत हे नेहमी होतं, तर ते सलाइनमध्ये पातळ करून सगळ्या जखमांत पुरवतात. एकही जखम सुटता कामा नये. डोक्यावरच्या केसांत आणि बोटांच्या बेचक्यांत लहान ओरखडे राहून जातात, तेव्हा सुई लागण्याआधी सगळं अंग एकदा नीट तपासून घ्यावं.

जखमेत भरून उरलेलं औषध दूरच्या स्नायूत टोचायची पद्धत पूर्वी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ती मागे घेतली: काम जखमेत आहे, दूर टोचून विशेष फायदा नाही, आणि वाचलेलं औषध दुसऱ्या रुग्णाला उपयोगी पडतं. घोड्याच्या इम्युनोग्लोब्युलिनआधी त्वचेची चाचणीही ही संघटना आता सुचवत नाही, कारण कुणाला गंभीर प्रतिक्रिया येईल हे त्या चाचणीतून नीट कळत नाही. काही ठिकाणी अजून ती करतात, त्यात वेळ जातो एवढंच. खरी काळजी वेगळी: ॲड्रिनलिन, म्हणजे गंभीर प्रतिक्रिया आली तर लागणारं औषध, जवळ असलेल्या ठिकाणीच हे घ्यावं आणि टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसावं. औषध फ्रिजमधून काढून थेट गार टोचलं तर जास्त दुखतं. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या असं सांगायला हरकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर लसीपेक्षा या औषधाचा भार जास्त, कारण ते वजनावर जातं आणि बाटल्यांच्या हिशोबात घ्यावं लागतं. अडचणही याचीच असते. लस बहुतेक ठिकाणी असते, हे नसतं. अशा वेळी लस थांबवायची नाही. जखम धुवायची, पहिला डोस घ्यायचा आणि इम्युनोग्लोब्युलिन शोधायला लागायचं. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं.

मग लस. ती दोन मार्गांनी देतात आणि दोन्ही सारख्याच विश्वासार्ह आहेत. स्नायूत द्यायची तर पूर्ण बाटली दंडाच्या स्नायूत, नेहमीचं वेळापत्रक दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. त्वचेत द्यायची तर दर वेळी ०.१ मिलीचे दोन टोचे, एकेका दंडात एकेक, दिवस ०, ३, ७ आणि २८. काही देशांत यापेक्षा छोटी वेळापत्रकंही चालतात. लहान मुलांना स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कमरेत, म्हणजे कुल्ल्यात, कधीच नाही: तिथे चरबी जाड असते, लस स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि अँटिबॉडी कमी बनतात. कुणी सवयीने कमरेत टोचायला निघालं तर थांबवावं. इम्युनोग्लोब्युलिन टोचलेल्या जागेपासूनही लस लांब द्यायची, नाहीतर दोघं एकमेकांना निकामी करत बसतात.

माझा कोर्स त्वचेतला होता. त्यात सुई जवळजवळ आडवी धरतात, तिचं टोक त्वचेच्या वरच्या थरातच राहतं. औषध जाताना तिथे छोटासा गोल उंचवटा उठतो, फिकट, आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. हा उंचवटा उठलाच पाहिजे. नाही उठला, तर औषध त्वचेखाली गेलं, आणि तो टोचा जवळच दुसऱ्या जागी पुन्हा द्यावा लागतो. हे तिथल्या तिथे बघून घ्यावं. घरी जाऊन विचारण्यात अर्थ नाही, उंचवटा थोड्या वेळात विरतो. त्वचेत परक्या गोष्टी पकडून नेणाऱ्या पेशी दाट असतात, म्हणून एवढ्याशा औषधात काम होतं. एक मिलीच्या बाटलीत पाच जणांचा डोस निघतो. पण पावडरमध्ये द्रावण मिसळलं की ती बाटली फ्रिजमध्ये ठेवूनही सहा ते आठ तासांतच संपवायची असते, म्हणून काही दवाखान्यांत तीन-चार रुग्ण जमेपर्यंत बसवून ठेवतात. ओपीडीच्या सुरुवातीला गेलं तर हा खोळंबा कमी.

मलेरियाची क्लोरोक्विन गोळी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्वचेतली लस नको, स्नायूतली घ्यावी. केसपेपरवर औषधं विचारतात ती यासाठी. गरोदरपण किंवा स्तनपान ही लस टाळायची कारणं नाहीत. खाण्याचं पथ्यही नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी वेगळं झालं. रेबीजच्या लसीत अख्खा पण मेलेला विषाणू असतो. धनुर्वाताच्या लसीत जंतू नसतोच, त्याचं निर्विष केलेलं विष असतं, कारण तिथे मारतं ते विष. एकाच दुपारी दोन दंडांवर दोन निराळ्या तत्त्वांच्या लसी, आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

९ जून, रविवार: दिवस ३

मोजणीचा घोळ सगळ्यात जास्त इथे होतो. पहिल्या डोसचा दिवस हा शून्य, एक नाही. आणि मोजायचं डोसच्या दिवसापासून, चावल्याच्या दिवसापासून नाही. दोन्ही एकच असतील तर उत्तम. गुरुवारी सुरू झालेल्या कोर्सचा तिसरा दिवस रविवारी येतो आणि रविवारी ओपीडी बंद. पहिल्याच दिवशी कार्डावर तारखेपुढे वार लिहून घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशी डोस कुठे मिळेल ते विचारून ठेवावं. बहुतेक ठिकाणी अपघात विभागात देतात. त्वचेतली लस मात्र सुट्टीच्या दिवशी सगळीकडे मिळेलच असं नाही, कारण एका रुग्णासाठी बाटली फोडायला कुणी तयार नसतं.

दोन डोसांत तीनच दिवसांचं अंतर का? दंडात गेलेला मेलेला विषाणू तिथल्या पेशी उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि ते घेऊन काखेतल्या गाठींत जातात. तिथे हे तुकडे ओळखू शकणाऱ्या मोजक्या टी आणि बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) असतात, त्या जाग्या होऊन वाढू लागतात. गोवराच्या लसीत जिवंत पण दुबळा विषाणू असतो, तो अंगात थोडा वाढतो आणि हा संदेश आपणच काही दिवस चालू ठेवतो. मेलेला विषाणू वाढत नाही. त्याचा पहिला हप्ता संपत आला की दुसरा द्यावा लागतो, नाहीतर जाग्या झालेल्या पेशी अर्ध्यात थंडावतात. म्हणून ०, ३, ७ हे तीन डोस असे एकामागोमाग. दोन्ही दंडांत टोचतात तेही दोन्ही काखांतल्या गाठी कामाला लागाव्यात म्हणून.

डोस एखाद-दोन दिवस लांबला तर? कोर्स पहिल्यापासून सुरू करत नाहीत. राहिलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढची अंतरं तशीच ठेवून तारखा सरकवायच्या. पण पहिल्या तीन डोसांत ही सवलत वापरायची वेळ न आलेली बरी. कंपनी बदलली तरी चालतं. मार्ग, म्हणजे त्वचेतून स्नायूत, मधेच बदलणं टाळतात. नाइलाज असेल तर तेही करता येतं आणि कोर्स पुढे चालू राहतो.

दंड दुखणं, टोचल्या जागी लाली, खाज, थोडी कणकण, अंगदुखी, एवढंच बहुतेकांना होतं. पॅरासिटामॉल पुरतं. त्वचेतल्या टोच्याची खाज दोन-तीन दिवस टिकते, चोळायचं नाही.

१३ जून, गुरुवार: दिवस ७

टोचायला दोन मिनिटं, रांगेत वेळ. पण हा दिवस महत्त्वाचा, कारण इम्युनोग्लोब्युलिनची मुदत इथे संपते. आतापर्यंत शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी निघू लागलेल्या असतात. आधी आयजीएम, घाईत बनलेल्या आणि जरा ढिल्या पकडीच्या. मग आयजीजी, विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर घट्ट बसणाऱ्या. त्या बसल्या की विषाणूला मज्जातंतूच्या टोकाला चिकटता येत नाही.

घोड्याचं इम्युनोग्लोब्युलिन घेतलेल्यांनी याच सुमाराला, साधारण आठवडा-दहा दिवसांनी, एका गोष्टीवर लक्ष ठेवावं. ताप, अंगावर पित्तासारखे चट्टे, सांधे दुखणं असं एकत्र आलं तर ती घोड्याच्या प्रथिनांवरची प्रतिक्रिया असू शकते. ती औषधाने बरी होते. लोक नेमके इथे घाबरतात, 'रेबीज झाला' असं धरून चालतात, किंवा लसीचा त्रास समजून पुढचा डोस सोडतात. दोन्ही चूक. डॉक्टरांना दाखवायचं आणि लस चालू ठेवायची.

१६ जून: कुत्र्याचे दहा दिवस

चावणारा कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगतात. त्यामागचा हिशोब असा: कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणं दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर तो थोड्याच दिवसांत मरतो. म्हणजे चावला त्या क्षणी लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांत कुत्रा आजारी पडणार किंवा मरणार. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. हा नियम कुत्र्या-मांजराचाच. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लावू नये. कुत्रा दिसेनासा झाला, कुणी मारून टाकला, तर तो रेबीजचाच धरून पूर्ण कोर्स करायचा.

कुत्रा ठणठणीत राहिला तर उरलेले डोस डॉक्टरांना विचारून कमी करता येतात. स्नायूतल्या कोर्समध्ये चौदाव्या दिवसाचा डोस गाळून अठ्ठाविसाव्या दिवसाचा घेण्याची पद्धत आहे, म्हणजे पुढच्या चाव्यासाठी पाया पक्का होतो. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करायची, हे कधीही नाही. पाहणी आणि लस एकाच दिवशी सुरू होतात.

लक्षणं दिसेपर्यंत इतका वेळ मिळतो, हाच या लसीचा आधार आहे. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर पहिल्यांदा हेच साधलं: कुत्रा आधीच चावलेला, आणि सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली इंजेक्शनं नंतर. एरवी लस आजाराआधी द्यायची असते. तरी चाव्यानंतरची लस अगदी एकटी नाही. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यावर ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो, आणि हेपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यावर २४ तासांत पहिला डोस देतात तोही याच तत्त्वावर. फ्लूचा विषाणू दोन-चार दिवसांतच आजारी पाडतो, तिथे संपर्कानंतर लस घेऊन हाती काही लागत नाही.

१३ जून ते ४ जुलै: मोकळे तीन आठवडे

स्नायूतला कोर्स असणाऱ्यांना २० जूनला, चौदाव्या दिवशी, एक डोस असतो. त्वचेतल्या कोर्समध्ये हा काळ मोकळा. चौदाव्या दिवसापर्यंत निरोगी माणसाच्या रक्तात पुरेशा अँटिबॉडी असतात. दर मिलीला ०.५ युनिट ही पातळी पुरेशी धरली जाते. ती मोजण्याची तपासणी निरोगी माणसाला लागत नाही. एचआयव्ही, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण अशा बाबतीत मात्र ती आवर्जून करावी, आणि त्यांना दुसऱ्या श्रेणीच्या जखमेलाही इम्युनोग्लोब्युलिन देतात.

धास्ती बसते ती याच आठवड्यांत. टोचायला जायचं नसतं, जखमेची खपली पडलेली असते आणि पोटरीत एखादी मुंगी आली तरी मन भलतीकडे जातं. इम्युनोग्लोब्युलिन भरलेली जागा काही दिवस जड आणि दुखरी राहते, भरणारी जखम खाजते, हे साहजिक आहे. वेळेवर धुतलेली जखम, नीट भरलेलं इम्युनोग्लोब्युलिन आणि वेळापत्रकाप्रमाणे लस, हे तिन्ही झालेल्या माणसाला रेबीज होणं अत्यंत दुर्मीळ आहे. जे मृत्यू होतात त्यांच्या मागे बहुतेक वेळा यातलं काहीतरी राहिलेलं असतं: उशीर, न धुतलेली जखम, सुटलेला ओरखडा, न मिळालेलं इम्युनोग्लोब्युलिन.

आणि एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी. गोवराची लस घेतलेला माणूस शेजाऱ्यालाही वाचवतो. ९५ टक्के लोकांनी ती घेतली तर गोवराला पसरायला वाट उरत नाही. रेबीजच्या लसीत तसं नाही. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ कधीच जात नाही, त्यामुळे हा कोर्स फक्त घेणाऱ्याला वाचवतो आणि गल्लीतला धोका होता तेवढाच राहतो. तो कमी होतो कुत्र्यांना लस दिल्यावर. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली आणि ती चालू ठेवली, तर कुत्र्यांमधली साखळी तुटते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, आणि मरणाऱ्यांत साधारण ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. मुलं चाव्याचं घरी सांगत नाहीत, रागावतील म्हणून. विचारताना आवाज चढवू नये एवढं तरी करता येतं.

४ जुलै, गुरुवार: दिवस २८

हा डोस सोडणारे पुष्कळ. महिना झाला, जखम बुजली, माणूस धडधाकट. पण पहिल्या तीन डोसांनी जी फौज घाईने उभी केली, तिच्यातल्या चांगल्या पेशी निवडून टिकवण्याचं काम या आठवड्यांत गाठींमध्ये चाललेलं असतं. शेवटचा डोस त्या निवडलेल्या पेशींना पुन्हा वाढवतो. त्यातल्या काही अस्थिमज्जेत जाऊन अँटिबॉडी बनवत राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं टिकतात.

टोचून झाल्यावर कार्ड लगेच परत घेऊ नये. आधी वाचून पाहावं. प्रत्येक डोसची तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक, त्वचेत की स्नायूत, कोणत्या दंडात, सही, आणि इम्युनोग्लोब्युलिन कोणतं व किती युनिट, एवढं त्यावर हवं. बॅच क्रमांक रिकामा राहतो, तो तिथेच भरून घ्यावा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवावेत, कारण या कार्डाची गरज पुढच्या चाव्याला लागते. पूर्ण कोर्स झाल्याचा पुरावा असेल तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा कुत्रा चावल्यास जखम नीट धुणं पुरतं. त्यानंतर कधीही चावल्यास दिवस ० आणि दिवस ३ असे दोनच डोस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. कार्ड दाखवता आलं नाही तर लस घेतलीच नव्हती असं धरतात, आणि सगळ्या तारखा, जखमेतल्या सुईसकट, पुन्हा पहिल्यापासून.